मोडेमचा आवाज चालू ठेवा

अहो,

लिनक्सवर मोडेम लागलं. इथला डायल टोन त्याला ओळखू येत नव्हता. सेटिंगमध्ये X3 घातल्यावर टोनची वाट न बघता नंबर फिरवतंय. लावायच्या आधी रिसीव्हर उचलून बघा, नाहीतर खाली आई फोनवर असल्या तर मधीच घुसेल.

कुठं अडतंय ते कळावं म्हणून तुम्ही बंद केलेला त्याचा स्पीकर मी चालू केला, तो तसाच राहू दे. सुमी मोडेमकडं पाठ करून खेळत बसली होती. मोडेम किंचाळलं आणि तिनं मान वळवली. मी दोनदा तोडून परत लावलं. दोन्ही वेळा वळली.

आई म्हणतात, "लेकरू लई गुणी, कशाला म्हणून दचकत न्हाय." मला त्याचीच महिनाभर धास्ती होती, तुम्हाला बोलले नाही. अनगोळच्या कानाच्या डॉक्टरांकडं आजचा नंबर लावलाय, तो मोडत नाही. आईंनी विचारलं तर सुमीला डोस द्यायला गेलीय म्हणा. पिठलं झाकून ठेवलंय.

सहापर्यंत येतो आम्ही. आल्यावर तिला मागून हाक मारा. माझा अजून धीर होत नाही.

सुविधा