मेंढीच्या शेपटीची अट

कोआतेपेक
१२ ऑक्टोबर १९८१

चि. एलोइसास,
अनेक आशीर्वाद. ग्वादालुपेच्या माउलीच्या कृपेने मी बरी आहे, तुम्हीही असाल.

तुझा नवरा मला न्यायला आला होता आणि झाड घेऊन परत निघालाय, तेव्हा दारात त्याला एकट्यालाच बघून डाफरू नकोस. बिचाऱ्या फाउस्तोने माझ्या खूप मिनतवाऱ्या केल्या. कॉफी माझी प्यायला आणि बाजू तुझी लढवली. धुण्याच्या दगडापाशी एकदा पाय घसरला म्हणून काय मी घरदार सोडून तुमच्या चौथ्या मजल्यावर येऊन बसायचं? तुझे बाबा गेल्यापासून एकटीच तर राहतेय.

पण तू माझीच मुलगी, सुखासुखी ऐकणार नाहीस. म्हणून अट घालते. व्हरांड्यातली मेंढीच्या शेपटीची, त्या जाड पानांच्या लोंबत्या झाडाची, एक टांगती कुंडी पाठवलीय. शेपट्या चांगल्या हातभर लोंबताहेत. ते तुमच्या घरात, खिडकीच्या आत, फेब्रुवारीतल्या कांदेलारियाच्या सणापर्यंत जगवून दाखव. जगलं तर मी मुकाट्याने येईन. मेलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, फाउस्तोला पाठवायचं नाही आणि फोनवर रडायचंही नाही.

काळजी फार घ्यावी लागत नाही. पाणी घालू नकोस, मी जन्मात घातलेलं नाही. सारखा हात लावू नकोस, पानं गळतात. आणि कुंडीला लाल फीत बांधलीय ती सोडू नकोस. तुमच्या मजल्यावरच्या बायकांची नजर कशी आहे कुणास ठाऊक.

माझा लोभ आहेच, तो अटीत धरलेला नाही.
तुझी आई,
ओतिलिया


मेक्सिको शहर
२० ऑक्टोबर १९८१

ती. आईस,
एलोइसाचा सा. न. वि. वि.

झाड पोचलं. जावईही पोचला, तू विचारणार नाहीस म्हणून सांगते. खालापा शहरापासून इथवर बसमध्ये कुंडी मांडीवर घेऊन बसला होता. दर वळणाला पानं गळत होती आणि हा ती वेचून खिशात भरत होता. मागच्या सीटवरच्या बाईने त्याला बजावलं म्हणे, की झाडाशी बोलत राहा, नाहीतर ते रुसेल. तर खालापाहून येणारी ती सगळी बस आता आपल्या घरची भानगड जाणते. घरी आल्यावर त्याने शर्टाच्या खिशातून पानं काढून टेबलावर मांडली आणि सासूबाईंचा माल पुरा आहे, मोजून घे, म्हणाला.

कुंडी स्वयंपाकघरातल्या खिडकीत टांगलीय. ऊन येतं ती तेवढी एकच खिडकी. सकाळी कारखान्यात शिवणाला जाताना बघते, संध्याकाळी आल्या आल्या बघते. तुझ्या सांगण्याप्रमाणे पाण्याचा थेंब घातलेला नाही. शेजारच्या बाईने कौतुक करायला बोट पुढे केलं, तर मी तिचा हात धरला. आता ती माझ्याशी बोलत नाही.

आई, अट मान्य. पण तूही लक्षात ठेव, कांदेलारियाला मी गाडी घेऊन दारात उभी राहणार आहे. तेव्हा गुडघा, कॉफीचा बहर, शेजारणीची तब्येत, असली कारणं चालणार नाहीत. मला तू इथे हवी आहेस. रात्री तिथे तुला काही झालं तर कोण बघणार, हा विचार मला झोपू देत नाही.

लोभ आहे म्हणतेस, तर तो घेऊनच ये.
तुझी,
एलोइसा


कोआतेपेक
८ नोव्हेंबर १९८१

चि. एलोइसास,
अ. आ.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, त्याला कारण हे टेबल. डुगडुगतं मेलं.

मृतांचा दिवस नीट पार पडला. या वर्षी तुझ्या बाबांची वेदी रेमेदिओसने मांडली. मी नुसती खुर्चीत बसून ती चुकतेय कुठे ते सांगत होते. आत्म्याला घर सापडावं म्हणून घालायची झेंडूच्या पाकळ्यांची वाट तिने इतकी नागमोडी घातली, की बाबा आधी तिच्याच घरी जाऊन जेवून आले असतील. शेजारीण म्हणून ती रोज पाव आणून देते, त्याचं मी कौतुक करते, पण तिच्या तोंडाला खीळ नाही. काही कळवलंच तिने, तर निम्मंच खरं धर.

झाडाचं काय? मेलं असेल तर लपवू नकोस.

पोटभर जेव आणि आठवण ठेव.
तुझी आई


मेक्सिको शहर
१३ डिसेंबर १९८१

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मेलेलं नाही, पण बरंही दिसत नाही. पानं सुरकुतलीत, वाटाण्याच्या वाळलेल्या शेंगेसारखी. आधी वाटलं, नजर लागली. फीत घट्ट बांधली. मग वाटलं, माझ्या हाताला गुण नाही. काल घरात गॅस पेटवून बसले होते, ओठ कोरडे पडले म्हणून पाणी प्यायला उठले आणि एकदम डोक्यात आलं. तू कधी पाणी घातलं नाहीस हे खरं, पण तुझ्या व्हरांड्यात ते धुकं आणि तो चिपीचिपीचा भुरभुर पाऊस, कपडे आठवडाभर वाळत नाहीत असा. तिथे ते झाड आयतं पितच होतं. इथल्या कोरड्या खोलीत मी त्याला तहानेने मारत होते, तेही तुझ्या आज्ञेवरून.

आता पाणी घालू की नको? तू सांग. मी तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही, म्हणजे नंतर बोलायला जागा नको.

तुझी,
एलोइसा


कोआतेपेक
२१ डिसेंबर १९८१

चि. एलोइसास,
अ. आ.

घाल बाई, घाल. पत्र वाचून मी व्हरांड्याच्या बाजूला बघितलं. छताच्या वळचणीतून थेंब थेंब कुंड्यांवर पडत होता. साठ वर्षं बघतेय आणि आज दिसलं. इतकं झाडांतलं कळतं म्हणून मिरवणारी मी, पाणी घालणारा भलताच निघाला.

पण बेताने घाल. तुझा स्वभाव मला माहीत आहे, घाबरलीस की सगळं दुप्पट करतेस.

नाताळ सुखाचा जावो.
तुझी आई


मेक्सिको शहर
२६ जानेवारी १९८२

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आई, झाड गेलं.

तू बेताने म्हणालीस आणि मी रोज घातलं. आधी पानं फुगली, मी नाचले. मग थंडी कडक पडली, माती वाळेचना, आणि शेपट्या मुळापाशी काळ्या, मऊ पडल्या. हात लावला की भरभर सगळी पानं जमिनीवर. फाउस्तो म्हणाला, फुलबाजारात अशी झाडं ढिगाने मिळतात, एक आणून टांगू, सासूबाईंना काय कळणार? मी त्याच्यावर इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरून विचारायला आले. नंतर मलाच रडू आलं, कारण क्षणभर मलाही ते पटलं होतं.

पण फेकवलं नाही. काळं तेवढं कापलं, आणि गुडघ्यावर बसून फरशीवरची पानं एकेक वेचली. आपला तडकलेला मातीचा तवा आहे ना, त्यावर कोरडी माती पसरून ती निजवली. कुजतील ती काढते, बाकीच्यांवर सकाळी ओल्या हाताने नुसतं शिंपडते. कामावरून आल्यावर शेजारी स्टूल टाकून बसते. काही पानांना गुलाबी दोऱ्यासारखी मुळं आलीत. तीन-चारांना मोहरीएवढा कोंबही आहे. ते जगतील का, मला सांगता येत नाही. तू पाठवलेलं झाड जगलं नाही, एवढं खरं. अट मी हरले.

आता दुसरं. रेमेदिओसने आमच्या घराखालच्या पावाच्या दुकानात फोन केला होता. न्हाणीत तू पडलेली सापडलीस, रात्रभर तिथेच होतीस, हे मला तिच्याकडून कळावं? मी तुला झाड मेलं ते लिहिलं आणि तू स्वतःचं लिहीत नाहीस?

तेव्हा आता माझं ऐक. अट गेली खड्ड्यात. तू येणार नसशील तर मी येते. फाउस्तोशी बोलले आहे. शिवणाची नोकरी सोडते आणि तुझ्या व्हरांड्यात येऊन बसते. हाकललंस तरी जाणार नाही.

रागावलेली आणि तरीही तुझीच,
एलोइसा


कोआतेपेक
३ फेब्रुवारी १९८२

चि. एलोइसास,
अनेक अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडायची नाही. मी येते.

रेमेदिओसने सांगितलं ते पूर्ण खरं आहे, आणि ती माझी पहिली खेप नव्हती. नोव्हेंबरातही पडले होते. हात बांधलेला होता, टेबल बिचारं निर्दोष आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग रेमेदिओसकडून मोठ्याने वाचून घेतलं. टवटवीत झाड काय, कुणीही मिरवतं. पण काळं पडलेलं, हात लावला की गळणारं, त्याच्यासाठी तू गुडघ्यावर बसलीस, आणि त्याच्या जागी दुसरं आणून टांगलं नाहीस. मला तुमच्या जिन्याची भीती नव्हती गं. मी तिथे येऊन हळूहळू निकामी होईन आणि तू कंटाळून माझ्याकडे बघशील, याची होती. अट घालताना हे मला स्वतःलाही नीट माहीत नव्हतं.

मी काही सोपी नाही, हे आधीच सांगते. मला उचलावं लागेल. कधी आंघोळ घालावी लागेल. मला लाज वाटेल, तुझी चिडचिड होईल, आणि मी जेवणाला नावं ठेवीन. तू चिडलीस तर खुशाल चीड, पण नंतर परत खोलीत येत जा.

व्हरांड्यातल्या कुंड्या रेमेदिओसला दिल्या. तिला सांगितलं, पाणी घालू नकोस, इथे त्याची गरज नाही. बाबांची तसबीर आणि दोन झगे बांधून ठेवलेत.

तुला जमेल तेव्हा ये. दार नुसतं लोटलेलं असेल, कडी मी आता लावत नाही. उठून काढायला फार वेळ लागतो.

वाट बघणारी,
आई