निर्जळ एकादशीचा नकार

माळशिरस, १५ फेब्रुवारी १९७३

ती. वच्छलाअक्कास,
मानसिंगचा शि. सा. न. वि. वि.

परवा एकादशीला रंभीला बघायला पाहुणे आले. दिवस शुभ म्हणून मीच बोलावलं होतं. निर्जळ उपास धरून सकाळपासून वाट बघितली, तर आले दुपारी चारला. आल्या आल्या मुलाचे वडील हरिबा म्हणाले, पाव्हणं, गाईची हाडं दिसत्यात की! दुष्काळात गाय काय लठ्ठ होणार? मी सरळ वाटेला लावलं. मुलगा श्रीमंत आहे, चांगला आहे, पण माझा शब्द तो शब्द. पुढच्या शुक्रवारी धोंडीराम गड्याच्या हाती कायमचा नकार धाडतो.

लोभ आहेच, तो कमी करू नये.
मानसिंग

सोलापूर, १९ फेब्रुवारी १९७३

चि. मानसिंग यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. गाय हाडकलेली आहे, हे मी दिवाळीला येऊन पाहिलेच आहे. जेवलेला असतास तर तूही हसून वैरणीचे रडगाणे सांगितले असतेस. शुभ म्हणून तू सगळे एकादशीलाच ठरवतोस. गेल्या साली बैल बदललास तोही एकादशीलाच. तो कसा निघाला, ते मी लिहीत नाही.

तुझे दाजी इस्पितळात होते, तेव्हा मी दोन दिवस अन्नाला शिवले नव्हते. डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस राहू द्या. मी भांडून घरी आणले. तिसऱ्या दिवशी ते गेले. राहिले असते तर वाचले असते का, कोण सांगणार? पण शेजारच्या चन्नम्माने भाकरी आणली होती. ती खाऊन मग मी डॉक्टरांशी बोलले असते तर दाजींना तिथेच ठेवले असते, एवढे मला ठाऊक आहे. सात वर्षे झाली.

शुक्रवारी आधी पोटभर जेव. मग नकार द्यावासा वाटला तर खुशाल दे.

सर्वांस आशीर्वाद. प्रकृतीस जपावे.
वच्छला

माळशिरस, २४ फेब्रुवारी १९७३

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

काल पिठलं-भाकरी खाल्ली आणि धोंडीरामला न धाडता स्वतःच गेलो. हरिबांचीही त्या दिवशी निर्जळ एकादशी होती! एसटी बंद पडली, उन्हात चालत आले. म्हणाले, तोंडातून काय गेलं त्येच कळलं न्हाय. दोघंही शरमलो.

घरी येऊन रंभीला सांगितलं, जुळवून आलो. ती म्हणाली, आबा, तुमी मोडलं तवा मला इचारलं न्हाय, जोडलं तवाबी न्हाय. जेवूनसुद्धा हे मला सुचलं नव्हतं, अक्का. मग तिला समोर बसवून विचारलं. मुलगा पसंत आहे, पण मॅट्रिकचा निकाल हातात पडल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही म्हणते. आज तसं हरिबांना कळवलं आहे. त्यांचं उत्तर यायचं आहे.

माया अशीच राहू द्यावी.
मानसिंग