न छाटलेले कोंब

१४ मार्च
ओब्दुलिया दारात! सहा वर्षं या भावजयीनं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आज कशी गोड आवाजात — "वन्सं, तुमच्यावाचून कोण ओळखणार?" माझा भाऊ फेर्मिन शहरात, एर्मोसीयोला, हॉस्पिटलात; हृदयाचं ऑपरेशन. उतारावरची घायपात फुलाचा दांडा टाकायला आली असेल तर आत्ताच कोंब छाटायचा — आम्ही म्हणतो, खच्ची करायची — म्हणजे सगळा गोडवा गड्ड्यात राहतो. मग भाजा, दारू काढा. कोंब दिसण्याआधी ओळखायची नजर आईनं मला दिली. उतार मात्र फेर्मिननं लाटला, अंथरुणाला खिळलेल्या आईचा अंगठा घेऊन! वर मलाच — "ताई, तू एकटी. तुला काय करायचाय उतार?"

एकटी!

गेले. बघितलं. मधली पानं आखूड, फिकी — कोंब येणार याची खूण. चाळीसेक तरी झाडं. म्हटलं, "यंदा नाही गं. पुढच्या साली बघू."

तिनं कॉफी पाजली. प्यायले.

१९ मार्च
कोंब वर! कातळाला टेकलेल्यांचे आधी, तिथं ऊन लवकर तापतं.

२७ मार्च
ओब्दुलिया धापा टाकत आली. "अहो वन्सं, हे काय झालं? माणसाच्या उंचीचे दांडे!" मी म्हटलं, "हिवाळ्यात पाऊस बरा झाला ना, फसले मी." ती कोयता आणायला निघाली. "राहू दे, आता गड्डा पोकळ व्हायला लागला." ती तिथंच दगडावर बसून रडली. मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. रड म्हणावं!

२ मे
उतार पिवळा झालाय फुलांनी. मधमाश्या नुसत्या घोंगावताहेत. खालची पानं सुरकुतली — आयुष्यात एकदाच फुलणार आणि मरणार. पाण्यावाचून, दगडात वीस वर्षं तग धरला त्यांनी. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण फेर्मिनची चांगली जिरली! बुडाशी पिल्लं आहेत, पण ती वाढायला पुन्हा तेवढीच वर्षं. तेवढं आयुष्य आहे कुणाला!

९ मे
फेर्मिन आला, काठी टेकत. उताराकडे बघत राहिला. ओरडला नाही. खिशातून कागद काढला. "मेलो असतो तर आईला काय तोंड दाखवणार होतो, ताई? ऑपरेशनाला जायच्या आधीच उतार तुझ्या नावावर केला."

कागदावर अकरा मार्च. मी ओब्दुलियाशी खोटं बोलले त्याच्या तीन दिवस आधी.