अगं, गेलं बघ परत

४ नोव्हेंबर, मंगळवार

कॉम्प्युटर परत बंद पडला! सूचना नाही, आवाज नाही, पडद्यावर एक अक्षर नाही — नुसता काळोख. हे शब्दकोड्याचे चौकोन भरत बसले होते. निम्मं कोडं गेलं. "अगं, गेलं बघ परत!" एवढंच ओरडले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सेव्ह का केलं नाही, विचारलं. "करणारच होतो." हे उत्तर मी कॉलेजात नोकरीभर ऐकलं. आता घरीही तेच.

साप्ताहिकाला कोडं गुरुवारी सकाळी द्यावं लागतं. आजवर चुकलेलं नाही. मुलीच्या जन्माच्या आठवड्यात नाही, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. जन्मभर बँकेत खर्डेघाशी केली, पण लोक ह्यांना ओळखतात ते 'कोडेवाले' म्हणून. भाजीवाला सुट्टे पैसे परत करताना विचारतो, "साहेब, ह्या वेळचा सात आडवा काय हो?" हे उत्तर देत नाहीत. ऐटीत मान हलवतात.

उद्या कॅबिनेट उघडते.

५ नोव्हेंबर

उघडलं. आत धुळीची गादी! प्रोसेसरवरचा पंखा फिरतोय, पण खालच्या पट्ट्यांतून वारा जायला फट नाही. तापणार नाही तर काय! रंगाच्या कोऱ्या ब्रशने सगळं साफ केलं. रॅमला आज हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची — प्रयोगशाळेत पोरांच्या डोक्यात हे भरवता भरवता केस पांढरे झाले. सगळं एकदम बदललं तर मशीन सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत नाही.

हे दारात उभे. "सगळं जिथल्या तिथे बसवता येईल ना?"

"तुमच्या मॅनेजरचं डोकं आहे का हे, एकदा उघडलं की बसतच नाही?"

एरवी खो खो हसले असते. आज नुसते बघत राहिले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कोडं गेलं नाही. काल संध्याकाळी परत बंद पडला.

साप्ताहिकातल्या उपसंपादक बाईंना मीच फोन केला. सकाळपासून हे फोनकडे पाठ करून बसले होते. बाई गोड बोलल्या. "काकू, काकांना म्हणावं मनाला लावून घेऊ नका. 'तांत्रिक अडचणीमुळे या आठवड्याचे शब्दकोडे देता येत नाही' असं टाकतो आम्ही."

वाटलं, आज हे जेवणार नाहीत. जेवले. नेहमीपेक्षा नीट जेवले आणि दुपारी गाढ झोपले. माणसाचा अंदाज लागत नाही, चाळीस वर्षं एका छताखाली राहून!

८ नोव्हेंबर

दुकानातला रिपेअरवाला आला. कॅबिनेट बघूनच त्याने कपाळाला हात लावला.

"काकू, वय काय ह्याचं?"

"तुझ्या नोकरीपेक्षा जास्त."

"मग रिटायर करा की!"

"मी रिटायर झाले, हे रिटायर झाले. घरात कुणीतरी कामाचं नको का? उघड."

मदरबोर्ड गेला असं उघडण्याआधीच सांगून मोकळा झाला. मी म्हटलं, आधी पॉवर सप्लाय काढ, त्याचं झाकण उघड, मग बोलू. काढला. आतले कपॅसिटर टम्म फुगलेले, एकाच्या डोक्यातून तपकिरी चीक बाहेर आलेला. लहान मूलही सांगेल! मशीनवर जरा ताण आला की हा मान टाकणार. "हां, हे पण असू शकतं," म्हणाला. हे पण! नवीन पॉवर सप्लाय बसवून घेतला. जाताना एक स्क्रू टेबलावर तसाच. जिन्यावरून परत बोलावला आणि लावायला लावला. पुटपुटत होता. पुटपुटू दे.

९ नोव्हेंबर

दिवसभर चालू ठेवला. ठणठणीत! हुश्श.

ह्यांना सांगितलं, बसा आता निवांत. "हो, बसतो," म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन कुंड्यांची माती उकरत राहिले.

११ नोव्हेंबर

बंद पडला!! हे बसल्यावर थोड्याच वेळात.

मला राग येतोय. पॉवर सप्लाय नवा, पंखा साफ, हात लावून पाहिलं तर कॅबिनेट गारच्या गार. तापून बंद पडला नाही. मग?

१२ नोव्हेंबर

रॅमच्या पट्ट्या काढल्या, टोकं खोडरबराने पुसली, परत बसवल्या. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती, ती खरवडून नवी लावली. (एका वेळी एकच — माझा नियम मीच मोडला. घाई.) टेबलाखालच्या वायरी बांधल्या. ह्यांची खुर्ची बदलली — वाटलं, खुर्चीचं चाक वायरीवर जात असेल. "खुर्चीच असणार," हे लगेच म्हणाले. उत्साहाने म्हणाले. "मला वाटतच होतं, खुर्चीच."

संध्याकाळी परत.

मी म्हटलं, अहो, आधी तुम्ही आलेखाच्या कागदावरच करत होतात ना कोडी? कागदावर करा, मी टाइप करून देते. कागद काही बंद पडत नाही.

हे असे भडकले! "मला शिकवू नकोस! तू काय माझी परीक्षा घेतेस?" आवाज चिरका झाला. पेन्सिल भिंतीवर फेकली. ह्या माणसाने उभ्या जन्मात घरात काही फेकलेलं नाही. चिडले की कोड्यात मला घालायचे, तेवढीच त्यांची सूड घ्यायची रीत. 'हट्टी स्त्री, चार अक्षरी. तुझं नाव एका अक्षराने कमी पडतं गं, नाहीतर छापलं असतं.'

पेन्सिल मी उचलली. 

१३ नोव्हेंबर

दुसरा आठवडा. तांत्रिक अडचण.

मुलीचा फोन. "आई, फेकून द्या ते डबडं! तुला ना, दुरुस्त करण्यात मजा येते, कबूल कर." मजा! हिच्या वडिलांचं नाव छापून यायचं थांबलंय आणि हिला मजा सुचते.

१५ नोव्हेंबर

आज हे न्हाव्याकडे गेल्यावर मी मशीनची परीक्षा घेतली. जुनी गाणी लावली, सोबत चार प्रोग्रॅम उघडले, पंखा घोंघावेपर्यंत राबवला. मुद्दाम टेबल हलवलं, वायरी ओढल्या, कॅबिनेटवर थापा मारल्या. हलला नाही.

हे आले, बसले. बंद.

१६ नोव्हेंबर

बाजारात निघाले होते. कोपऱ्यावर लक्षात आलं, पिशवी घरीच राहिली. परत आले. चपला बाहेर काढल्या, किल्लीने दार उघडलं. खोलीचं दार अर्धं उघडं. ह्यांची पाठ माझ्याकडे.

पडद्यावर चौकोन. पहिल्या ओळीत एक शब्द भरलेला. दुसऱ्या ओळीत एक अक्षर टाकत होते, पुसत होते. परत टाकत, परत पुसत. मांडीवर शब्दकोश उघडा, त्याच्याकडे बघत नव्हते. बोलत होते, स्वतःशीच, अगदी हळू — "खिडकीला लावतात... ऊन येऊ नये म्हणून लावतात... ते... अरे, ते कापड... ते..."

पडदा. पडदा, पडदा! मी दाराची चौकट धरून उभी. सूचना त्यांना पाठ होती. उत्तर येत नव्हतं.

मग हात खाली गेला. कॅबिनेटच्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. मशीन पुरतं बंद होईपर्यंत सोडलं नाही. सोडल्यावर खांदे खाली आले. ओझं उतरवलेल्या हमालासारखे.

मी तशीच मागे फिरले. दार आवाज न करता ओढून घेतलं, जिना उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले — पिशवीशिवाय. तिथे किराणावाला म्हणाला, "बाई, बरं नाही का?" ऊन लागलं म्हटलं. परत आले आणि दार मुद्दाम आपटलं.

"अगं, गेलं बघ परत!"

"बघते," मी म्हटलं.

१७ नोव्हेंबर

धूळ खरी होती. फुगलेले कपॅसिटरही खरे होते. सुरुवातीला मशीन खरोखरच बंद पडत होतं. ह्यांना त्याच्या आड उभं राहता येत होतं, आणि मी ते ब्रशने साफ करून, स्क्रू पिळून ठणठणीत करून दिलं. एकेक भाग काढून तपासला. खुर्ची बदलली, खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं नाही.

आठवून बघते तर किती दिसतंय! परवा कात्रीला 'ते कापायचं' म्हणाले. जावयाला स्वतःच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली. मी म्हटलं, धांदरटपणा. वर दटावलंही.

१८ नोव्हेंबर

उपसंपादक बाईंना फोन केला. म्हटलं, आडपडदा न ठेवता सांगा, ह्यांची आधीची कोडी कशी येत होती?

आधी विषय बदलायला बघितलं. मग म्हणाल्या, "काकू, दिवाळीआधीपासून... आडवे आणि उभे शब्द एकमेकांत बसत नव्हते. एकदा तर एकच शब्द एकाच कोड्यात दोनदा. आम्ही इथे जुळवून घेत होतो. काकांना कसं सांगणार? मी शाळेत असल्यापासून त्यांची कोडी सोडवतेय."

आभार मानले. कोरडेच मानले बहुतेक. मला दुसरं येत नाही.

२१ नोव्हेंबर

डोळे तपासायचे सांगून मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ह्यांना बाहेर बसवून डॉक्टर माझ्याशी बोलले. हे विसरणं वाढत जाणार. सावकाश, पण वाढतच. गोळ्या आहेत, त्यांनी वेग कमी होतो, उलटा फिरत नाही. "त्यांना चुका दाखवत बसू नका, बाई," म्हणाले. लाल पेन हातात घेऊन आयुष्य काढलेल्या बाईला हे सांगत होते!

रिक्षात ह्यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"नंबर वाढलाय."

"वाटलंच मला." बाहेर बघत राहिले. मग माझ्या हातावर हात ठेवला, भर रस्त्यात. मी काढून घेतला नाही.

२२ नोव्हेंबर

मुलीला सांगायला फोन लावला. तिने उचलला. हवापाणी बोलून ठेवला. उद्या सांगेन.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुलगी आणि जावई न सांगता दारात! हातात भलंमोठं खोकं. नवीन कॉम्प्युटर. "बाबा, आता बंद पडायचं नाव घेणार नाही, बघा! बॅटरीचा डबाही आणलाय जोडीला. वीज गेली तरी चालतच राहणार!"

जावई बसवत होते, मुलगी बडबडत होती. हे भिंतीला टेकून उभे. तोंडावर हसू, हात मात्र सदऱ्याची गुंडी चाचपत होते. "छान आहे," म्हणाले. "फार छान." जुनं मशीन जावई उचलून खाली गाडीत घेऊन गेले, तेव्हा हे त्या मशीनमागे जिन्यापर्यंत गेले.

स्वयंपाकघरात मुलीला गाठून सगळं सांगितलं. ती ओट्याशी उभी राहून रडली. मग म्हणाली, "परत घेऊन जाऊ का हे?" मी म्हटलं, आता कसं नेणार? काय सांगून नेणार?

२४ नोव्हेंबर

हे दिवसभर त्या खोलीत गेले नाहीत. कुंड्या. पेपर. परत कुंड्या. संध्याकाळी उपसंपादक बाईंचा फोन आला. ह्यांनीच उचलला. "हो, नवीन आलाय," म्हणाले. "आता काही अडचण नाही." फोन ठेवून परत कुंड्यांकडे गेले.

बॅटरीच्या डब्याची वायर मी काढून ठेवली, कॉम्प्युटर सरळ भिंतीतल्या प्लगला जोडला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नवीन कॉम्प्युटर आज बंद पडला.

हे चौकोन उघडून बसले होते. सकाळभर एकही शब्द नाही. हात खाली गेला, कॅबिनेट चाचपत राहिला — नव्या मशीनचं बटण कुठे असतं ते त्यांना सापडेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि मेन स्विच पाडला.

"अगं, गेलं बघ परत!"

"इकडेही गेलं," मी ओरडून सांगितलं. "मशीनचा दोष नाही, घराची लाइनच खराब दिसतेय."

थोड्या वेळाने हे स्वयंपाकघराच्या दारात आले. मेन बोर्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. 

"वायरमनला बोलवायची घाई नको करूस."

"नाही बोलवत."