डाव्या तळहातावर

३ फेब्रुवारी, सोमवार

वेल्सहून पार्सल आलं. पूनमच्या चार साड्या, स्वेटर, एक वही, इंग्रजी पत्र. आणि तिच्या गळ्यातलं इष्टलिंग — चांदीच्या डबीसकट! पोस्टमनला कस्टमचे सातशे चाळीस दिले.

आम्हा लिंगायतांत लिंग मेलेल्याच्या डाव्या तळहातावर ठेवूनच माती द्यायची असते. पोर जाऊन महिना झाला, तिकडंच पुरली. रिकाम्या हातानं गेली माझी पूनम! सिद्धरामा, हे काय दाखवलंस?

४ फेब्रुवारी

पूजेला बसले. माझं लिंग हातावर घेतलं की तिचा हात दिसतो. उठले.

हे म्हणाले, "त्या ग्लिन जावयाला काय ठावं? आठवण म्हणून धाडलं असंल की."

"सहा वर्षं संसार केला, एवढं कळू नये व्हय?"

पत्र वाचून घेणार नाही. जावई म्हणे स्नूकर खेळतो! 'काठीनं गोळ्या ढकलून घर चालतंय होय गं?' — मीच विचारलं होतं पूनमला. त्याच्याशी फोनवर एकदाही बोलले नाही.

६ फेब्रुवारी

पूनमची वही उघडली. वाटलं, घरखर्च असेल. निघाले ग्लिनचे सामने! तारीखवार, माझ्यासारखीच रेघ मारून. पहिली फेरी, हरला. पहिली फेरी, हरला. एकदाच उपांत्यपूर्व फेरी — पुढं लिहिलंय, 'शिरा केला.' एके ठिकाणी: 'बाही चेंडूला लागली, म्हणजे फाउल. पंचाला दिसलं नव्हतं. ह्यानंच सांगितलं आणि हरला. म्हटलं, येडा हायस का? म्हणतो, मला दिसलं होतं ना.'

शेवटचं पान: 'आज माझी केमो. पात्रता फेरी सोडून आला. आता व्यावसायिकांच्या यादीतून नाव जाणार. आईला सांगायचं नाही. म्हणेल, मी म्हटलंच होतं.'

म्हटलं असतं.

७ फेब्रुवारी

चूल पेटवली नाही.

८ फेब्रुवारी

बहिणीचा शिवकुमार आला. त्याच्याकडून पत्र वाचून घेतलं.

"मावशी, तो लिहितोय — पूनमनं सांगितलं होतं, लिंग हातात ठेव. ठेवलं होतं. पेटी बंद करताना माणसांनी विचारलं, चांदी काढून घ्यायची ना? मला भान नव्हतं, हो म्हणालो. माती दिल्यावर माझ्याच खिशात सापडलं. चूक माझी आहे."

आठवण म्हणून पाठवलं असं लिहिलं असतं, तर आम्ही तेच खरं धरलं असतं की!

१० फेब्रुवारी

लिंगाला अभिषेक केला, परत पार्सल केलं. मी सांगितलं, शिवकुमारनं इंग्रजीत उतरवलं —

जावईबापू, तिच्या डाव्या अंगाला वीतभर उकरून हे तुमच्याच हातानं ठेवा. मंत्र येत नसला तर तिचं नाव घ्या. वेळेवर जेवता का? आणि पुढचा सामना कधी आहे, उलट टपाली कळवा.