पूर्व वर असलेला नकाशा

मी, डिग्ना फेरहुल्स्ट, वय एकसष्ट, जहाजाचे वाटाडे वाउटर यांची विधवा, धंदा नकाशे रंगवण्याचा, राहणार अँटवर्प, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवीत आहे. डोके शाबूत आहे. डोळे थकले, तरी निळा आणि हिरवा अजून ओळखू येतो. बळजबरी कोणी केलेली नाही. माझा जुना नकाशा कापायला मिळावा म्हणून भाऊ गोमारने आग्रह मात्र पुष्कळ केला. तो कापला जाऊ नये, यासाठीच मुख्यतः हे लिहिणे.

घर, खालची रंगशाळा, रंग वाटायचे दगड व कुंचले गोमारची मुलगी पास्किना हिला द्यावेत. बारा वर्षे ती माझ्या शेजारी बसून समुद्र रंगवते. तिचा समुद्र माझ्यापेक्षा चांगला होतो.

फरचा झगा भावजयीला, म्हणजे गोमारच्या बायकोला. तिने तो न विचारता तीनदा नेला आहे. आता हक्काने न्यावा.

भिंतीवरचा चर्मपत्राचा नकाशा मला मठातल्या सिस्टर आल्डेगोंड यांनी दिला. शाळेत आम्ही जग त्यावरच शिकलो. त्यात पूर्व वर आहे, कारण नंदनवन तिकडे. मधोमध जेरुसलेम, कडेने समुद्र, भोवती ग्रहांची वर्तुळे एकात एक, आणि सगळ्यांपलीकडे देवाचे घर.

मी एकदा विचारले, "सिस्टर, यावरून रोमला कसं जायचं?"

"रस्ता गाडीवाल्याला विचार, बाळ. आपण कोणाच्या घरात राहतो, ते यावर बघ."

त्या वयात आकाश मला छपरासारखे उबदार वाटे.

जेरुसलेमला सोन्याचा ठिपका द्यायची सवय हाताला इतकी जडली, की पहिला छापील सागरी नकाशा रंगवतानाही मी बरोबर मध्यावर सोने लावले. तिथे नुसते पाणी होते. गिऱ्हाईक वाउटर. नकाशा फडकवत आला.

"बाई, हे कुठलं बेट? माझे खलाशी तिकडेच चला म्हणतायत!"

"जेरुसलेम आहे ते."

"भर समुद्रात?"

"मधोमध तर आहे ना!"

तो इतका हसला की माझी निळ्याची वाटी कलंडली. पुढे एकोणीस वर्षे तो माझ्याच घरात हसला. होकायंत्राची सुई उत्तर धरते, म्हणून दर्यावर्दी उत्तर वर ठेवतात, हे त्याने शिकवले. मला ते पटले. तरी जुना नकाशा उतरवावासा वाटला नाही. समोरच्या भिंतीवर त्याचा लावला. दोन्ही जगांत आम्ही सुखाने जेवलो.

गोमार पुस्तके बांधतो, आणि जुनी चर्मपत्रे कापून पुठ्ठ्यांवर चढवतो. "अगं ताई, पूर्व वर असलेलं जग आता कोणाला हवंय? आठ पुस्तकं निघतील यातून!" हे मी तीस वर्षे ऐकते आहे. म्हणून तो नकाशाही पास्किनालाच, अखंड, द्यावा.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे नोटरी सांगतात. सबब मी गोमारलाच साक्षीदार केले आहे. आताच त्याने हे वाचले.

"म्हणजे मला काहीच नाही?"

"सही कर."

"एक कोपरासुद्धा? तिथे नुसतं पाणीच आहे, ताई!"

"सही कर रे, शाई वाळतेय."

हे सर्व मी वाचून पाहिले, मनासारखे आहे.

अँटवर्प, ११ मे १६०४
डिग्ना फेरहुल्स्ट

साक्षीदार:
लांब्रेख्त पाउल्स, शेजारचा पाववाला
गोमार फेरहुल्स्ट, भाऊ. नकाशाला चामड्याची पिशवी मी शिवीन. मापात, न कापता.