आबा गेल्याची गोष्ट

धरणगाव, रविवार संध्याकाळ

शंभर शब्दांच्या कथांचं ऑनलाइन मासिक काढायची हौस मलाच होती ना! पहिल्या अंकात कथाही माझीच. ज्याच्याशी घरात कुणी बोलत नाही, असा म्हातारा बाप मरतो. भावकीच्या ग्रुपवर लिंक टाकली, तर सगळ्यांनी पहिली ओळच वाचली: 'आज आबा गेले.' माझ्या वडिलांनाही सगळे आबाच म्हणतात. सकाळपासून श्रद्धांजल्या सुरू. दुपारी पिंपळनेरहून फुई, आबांची बहीण, दारातच हंबरडा फोडत आली. दार आबांनीच उघडलं. तो हंबरडा अजून कानातून जात नाही. बंद करून टाकू का मासिक? कुणासाठी काढलं मी हे?

फुई गेल्यावर आबा म्हणाले, "वाच ती गोष्ट."

वाचली. मान खाली घालून ऐकली त्यांनी.

"बठ्ठं खरं शे," म्हणाले. सगळंच खरं. "मरानं तेवढं बाकी शे."